मॉर्निंग वॉक, दोन किलोमीटर आणि नाक्यावरचा हवालदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉकडाऊन उठून वर्षे झाली, तरी आमच्या पहाटे पळणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी लॉकडाऊनमधल्या मॉर्निंग वॉकच्या बंदीचा आणि तेव्हाच्या पोलीस केसेसचा विषय काढतोच. कधी पासपोर्टचे काम निघालेले असते, कधी नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन, तर कधी नुसताच जुना राग. दर वेळी तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळे लिहून ठेवतो. मी एलएलबी केले आहे, पण काळा कोट कधी चढवला नाही. पोट भरते ते बँकेतल्या नोकरीवर. कुणाचा खटला खरोखर चालू असेल तर त्याने वकील गाठावा. बाकीच्यांनी निवांत वाचावे.

मॉर्निंग वॉकला बंदी नक्की कधी होती?

एका वाक्यात उत्तर देता आले असते तर हे पान लिहावेच लागले नसते.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर लॉकडाऊन लागला. केंद्राच्या त्या पहिल्या आदेशात रेशन, दूध, भाजी, औषधे, बँका, पत्रकार असे सगळे होते. व्यायाम हा शब्दच नव्हता. परवानगी नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. यादीत नाही म्हणजे बंद, असा अर्थ पोलिसांनी लावला, आणि तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. या काळात हातात दुधाची पिशवी घेऊन चालण्याची कला विकसित झाली. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी एकच रिकामी पिशवी धुऊन धुऊन महिनाभर फिरवली.

३१ मे २०२० ला राज्याचा ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश निघाला आणि ३ जूनपासून चालणे, पळणे, सायकल चालवणे पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत खुले झाले. जूनअखेर ते ‘घराच्या परिसरापुरते’ आवळले गेले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये १४ ते २३ जुलै २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मॉर्निंग वॉक पुन्हा बंद. मग हळूहळू मोकळीक आली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत परत पूर्ण बंदी, आणि ७ जून २०२१ पासून जिल्ह्याच्या ‘स्तरा’नुसार वेगवेगळे नियम. म्हणजे सव्वा वर्षात त्याच माणसाने त्याच बागेभोवती त्याच वेळी मारलेली चक्कर कधी आरोग्यदायी सवय होती, कधी गुन्हा होता, तर कधी कोणता हवालदार भेटतो यावर अवलंबून होती.

३१ मेच्या आदेशात अंतराबद्दल काय म्हटले होते?

सगळा घोळ इथून सुरू होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आदेशात समुद्रकिनारे, मैदाने, बागा, सोसायटीतली मोकळी जागा असे सगळे व्यायामासाठी खुले केले होते. घोळक्याने काही करायचे नाही, लहान मुलांसोबत मोठे माणूस हवे, वगैरे अटी होत्या. सायकलचे तर कौतुकच होते: सायकलवर आपोआप अंतर राखले जाते, म्हणून लोकांनी ती जरूर चालवावी. आणि त्याच यादीत एक मुद्दा असा, की लोकांनी जवळपासच्याच मोकळ्या जागा वापराव्यात असा सल्ला आहे आणि लांबचा प्रवास करता येणार नाही.

आता यातला पहिला भाग सल्ला आहे. सल्ला मोडला म्हणून गुन्हा होत नाही. दुसरा भाग हुकूम आहे, पण ‘लांब’ म्हणजे किती ते लिहिलेले नाही. विरारच्या माणसाला वसई जवळ वाटते. दादरच्या माणसाला माटुंगासुद्धा दुसरे गाव वाटते. सायकल चालवा म्हणायचे आणि लांब जाऊ नका म्हणायचे, तर सायकलवाल्याने बिल्डिंगभोवती किती गिरक्या घ्यायच्या? सल्ला कुठे संपतो आणि हुकूम कुठे सुरू होतो हे कागदावर स्पष्ट नसेल, तर ती रेघ नाक्यावर उभा असलेला माणूस ओढतो. त्या सव्वा वर्षात आम्ही जे भोगले त्याचे मूळ माझ्या मते एवढेच आहे.

मग दोन किलोमीटरचा नियम कुठून आला?

मुंबई पोलिसांकडून. ३ जूननंतरच्या पहिल्याच शनिवारी, ६ जूनला, मरिन ड्राइव्हवर जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली होती आणि तिचे फोटो सगळीकडे फिरले. रुग्ण वाढतच होते. २८ जून २०२० ला पोलिसांनी जाहीर केले, की दुकान, सलून, मोकळ्या जागेतला व्यायाम यासाठी घरापासून २ किलोमीटरच्या आतच फिरायचे. त्यापलीकडे फक्त कार्यालय किंवा वैद्यकीय निकड. सबळ कारणाशिवाय लांब सापडलेली वाहने जप्त होतील. पहिल्याच दिवशी ७ हजारांवर वाहने जप्त झाली.

दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, राज्याचा सुधारित आदेश आला. त्यात खरेदी आणि व्यायाम ‘शेजारच्या परिसरापुरता’ असे होते, २ हा आकडा नव्हता. म्हणजे मुख्य सचिवांच्या सहीच्या कागदात अंतर नाही आणि नाक्यावर मात्र अंतर आहे. त्यापाठोपाठ १ जुलैपासून मुंबईत कलम १४४ चा नवा मनाई आदेश लागला. सार्वजनिक ठिकाणी ‘एक किंवा अधिक’ व्यक्तींच्या वावराला त्यात मनाई होती. जमाव एका माणसाचाही असू शकतो, हे तेव्हा कळले.

राजकीय गदारोळ झाला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात २ किलोमीटरचा आग्रह सोडून देण्यात आला. उरला तो ‘परिसर’. लोकांच्या डोक्यात मात्र दोन किलोमीटर इतके घट्ट बसले, की ऑगस्टमध्येही सोसायटीच्या गेटवर वॉचमन तेच सांगत होता.

दोन किलोमीटर मोजायचे कसे? सरळ रेषेत की रस्त्याने?

हा प्रश्न मी प्रत्यक्ष नाक्यावर विचारला आहे, त्यामुळे जे झाले तेच सांगतो.

त्याच आठवड्यातली सकाळ, साडेसहा. मी गोरेगाव पूर्वेचा. हायवेलगतच्या एका नाक्यावर रेनकोट घातलेल्या हवालदारांनी सायकल अडवली.

‘घर कुठं?’

सांगितले. पुरावा मागितला. आधार कार्ड काढून दिले आणि तिथेच फसलो, कारण आधारवर पत्ता अजून साताऱ्याचा. त्यांनी कार्डाकडे पाहिले, सायकलकडे पाहिले, परत कार्डाकडे पाहिले.

‘साहेब, साताऱ्याहून सायकलवर आलात?’

मी मोबाइलवर लाइट बिल शोधून दाखवले. मग त्यांनी स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला, पिशवीच्या आतूनच बोट फिरवून नकाशा उघडला आणि माझ्या सोसायटीचे नाव टाकले. २.६ किलोमीटर. मी म्हटले, हे रस्त्याने. बातमीत शब्द ‘त्रिज्या’ असा आहे. त्रिज्या म्हणजे सरळ रेषा. सरळ रेषेत १.७ भरते.

‘त्रिज्या मला शिकवू नका साहेब. पोराची ऑनलाइन शाळा मीच घेतोय घरी.’

‘तसं नाही साहेब...’

(मी त्यांना साहेब म्हणत होतो, ते मला साहेब म्हणत होते. दोघांच्या मनात काय होते ते सोडा.)

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही, पण यांनी दोनदा ‘हो सर, दोन म्हणजे दोन’ म्हटले आणि फोन ठेवला. सायकल चौकीच्या भिंतीला लागली. मी पावसात चालत घरी आलो. अंतर २.६ किलोमीटर, रस्त्याने.

थोडक्यात उत्तर: कसे मोजायचे ते कुठेही लिहिलेले नव्हते. आणि मुंबईत या दोन आकड्यांत मोठा फरक पडतो. रेल्वे लाइन, नाला, खाडी, हायवे यातले काही मधे आले की सरळ रेषेतले अर्धे किलोमीटर रस्त्याने दीड होते. लाइनच्या पलीकडची बाग खिडकीतून दिसते, पण पुलावरून वळसा घेतला की ‘परिसरा’बाहेर जाते.

गाडीने जाऊन बागेत चालले तर? प्रवास वेगळा आणि व्यायाम वेगळा धरायचा का?

राज्याच्या आदेशात व्यायामाच्या ठिकाणी कसे पोचायचे यावर अक्षर नव्हते. दुचाकीवर एकटा, चारचाकीत चालक अधिक दोन, एवढी मर्यादा होती. पण ती अत्यावश्यक कामाच्या फिरण्यासाठी. गुडघे गेलेल्या माणसाने दीड किलोमीटर रिक्षाने जाऊन सपाट मैदानात अर्धा तास चालणे हे अत्यावश्यक की नाही? काही नाक्यांवर चालले, काहींवर नाही. माझे मत विचाराल तर दोन किलोमीटरच्या आत मोटरने जाण्याला हरकत घ्यायला आधार नव्हता. पण नाक्यावर मत चालत नाही.

६५ वर्षांवरच्यांना चालायला परवानगी होती का?

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुले यांनी अत्यावश्यक आणि आरोग्याच्या कारणाखेरीज घरातच राहावे असे होते. आता मधुमेह असलेल्या आजोबांना डॉक्टरांनी रोज ४० मिनिटे चालायला सांगितले असेल, तर ते आरोग्याचे कारण आहे की नाही? वाचणाऱ्यावर अवलंबून. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीचा लॅमिनेट केलेला कागद गळ्यात अडकवून चालायचे. त्यांना कधीच कुणी अडवले नाही. मला वाटते, चिठ्ठी वाचण्याइतके जवळ कुणी यायला तयार नव्हते.

याच्याशी नाते सांगणारा एक निकाल आहे. चित्रीकरणाच्या सेटवर ६५ वर्षांवरील कलाकार-कामगारांना बंदी घालणारी राज्याची अट मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० ला रद्द केली. फक्त वयाच्या आकड्यावर माणसाला घरी बसवणे न्यायालयाला पटले नाही. चालण्याबद्दल मात्र कुणी न्यायालयात गेल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, आणि ते समजण्यासारखे आहे.

पळताना मास्क?

हवाच होता. मुंबई महापालिकेचा दंड आधी १,००० रुपये, सप्टेंबर २०२० पासून २०० रुपये. घामाने भिजलेल्या मास्कातून श्वास कसा घ्यायचा हे क्लीनअप मार्शलला विचारून उपयोग नव्हता.

उठाबशा, बेडूकउड्या, भर रस्त्यात योगासने... हे कायद्यात बसत होते का?

नाही. कोणत्याही कायद्यात ही शिक्षा नाही, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांना नाहीच, तो न्यायालयाचा. एप्रिल २०२० मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत मॉर्निंग वॉकला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर बसवून योगासने करायला लावली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोक हसले. मीही हसलो होतो, हे कबूल करतो. व्यायामाला निघालेल्या माणसाला शिक्षा म्हणून व्यायामच! इतरत्र फिरणाऱ्यांची आरती ओवाळल्याचे व्हिडिओही आले. लाठीपेक्षा बरे, असे म्हणून आपण सगळ्यांनी ते चालवून घेतले. पण पन्नाशीच्या माणसाला ओळखीच्या वस्तीत रस्त्यावर बसवून मोबाइलने शूटिंग करणे ही गंमत नसते. ज्याचे शूटिंग होते त्याला विचारा.

‘१८८ लावला’ म्हणजे नक्की काय लावले?

भारतीय दंड संहितेचे कलम १८८, म्हणजे लोकसेवकाने रीतसर काढलेल्या आदेशाची अवज्ञा. साधी अवज्ञा असेल तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. अवज्ञेमुळे माणसाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका होत असेल तर सहा महिने किंवा १,००० रुपये. जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ५१ आणि १८९७ चा साथरोग कायदा. प्लेगच्या वेळचा. पुणेकरांना त्याचा इतिहास सांगायची गरज नाही.

या कलमात दोन गोष्टी होत्या ज्या नाक्यावर कुणी सांगत नसे. पहिली, आरोपीला तो आदेश माहीत होता हे दाखवावे लागते. सकाळी ट्विटरवर आलेला नियम सकाळीच भाजीला निघालेल्या आजींना माहीत होता, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार १८८ ची दखल न्यायालय थेट पोलिसांच्या अहवालावरून घेऊ शकत नाही. संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. पोलीस गुन्हा नोंदवू शकत होते, पण पुढचा रस्ता अरुंद होता. म्हणूनच हजारो गुन्हे नोंदले गेले आणि बहुतेक जिथल्या तिथे बसून राहिले.

आता १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आहेत. १८८ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आले आणि शिक्षा वाढली: साध्या अवज्ञेला सहा महिने किंवा २,५०० रुपये, धोका असेल तर एक वर्ष किंवा ५,००० रुपये. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जुन्या १४४ चा नवा नंबर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३. जुना गुन्हा मात्र जुन्याच कलमाखाली राहतो.

एप्रिल २०२१ मध्ये तर सरकारनेच प्रश्नोत्तरे काढली होती ना?

हो, आणि माझ्या दृष्टीने तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे. ‘ब्रेक द चेन’चा आदेश १४ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून लागू झाला. सबळ कारणाशिवाय कुणीही सार्वजनिक ठिकाणी यायचे नाही, असे त्यात होते. मॉर्निंग वॉक हे सबळ कारण आहे का? आदेश गप्प. लगेच लोकांनी विचारायला सुरुवात केली, आणि राज्याने वारंवार विचारले जाणारे प्रश्न म्हणून एक खुलासा काढला. सकाळ-संध्याकाळ चालणे, पळणे, सायकल यासाठी नागरिकांना बाहेर पडता येईल का? उत्तर एका शब्दात: नाही.

निदान स्पष्ट होते. ‘नाही’चा त्रास वेगळा आणि ‘बघू’चा त्रास वेगळा, मला तरी पहिला परवडला. पण बंदी घालणारे वाक्य मूळ आदेशात नसून त्याच्या प्रश्नोत्तरांत असावे, हे मला अजून खटकते. प्रश्नोत्तरे आदेश समजावून सांगू शकतात. आदेशात नसलेली बंदी ती घालू शकतात का, यावर वकिलांनी वाद घालावा.

त्याच आठवड्यात मुंबईत गाड्यांना लाल, हिरवी, पिवळी स्टिकरे आली. डॉक्टरांना लाल, भाजीपाल्याला हिरवे, इतर अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना पिवळे. एकाने पोलिसांना ट्विटरवर विचारले, की प्रेयसीला भेटायला जायचे आहे, कोणत्या रंगाचे लावू? पोलिसांनीही छान उत्तर देऊन त्याला घरी बसवले. १८ एप्रिलला आलेली स्टिकरे २४ तारखेला गेलीसुद्धा.

पाच स्तरांची भानगड काय होती?

पॉझिटिव्हिटी दर आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावरून जिल्हे आणि मोठी शहरे पाच स्तरांत टाकली. पहिल्या दोन स्तरांत चालणे-सायकल नेहमीसारखे. तिसऱ्यात रोज पहाटे ५ ते ९. चौथ्यात तीच वेळ, पण शनिवार-रविवार बंद. पाचव्यात पूर्ण बंद. मला विचाराल तर नियम लिहावा तो असा: वेळ आहे, वार आहे, वाद घालायला जागा कमी. तरी दर आठवड्याला आपण कोणत्या स्तरात आहोत हे पाहण्यासाठी बातम्या लावाव्या लागत. शहराच्या हद्दीवर राहणाऱ्याने डावीकडे वळले तर एक स्तर, उजवीकडे वळले तर दुसरा.

सिंहगड चढणे हा व्यायाम की पर्यटन?

गडावर रोज चढणारे पुणेकर याला व्यायाम म्हणतात. २०२० आणि २०२१ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात गड, धबधबे, धरणे यांवर जिल्हा प्रशासनाने मनाई केली तेव्हा त्यांचे काही चालले नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भजी खाणारा आणि पहाटे पाचला पाठीवर सॅक टाकून एकटा गड चढणारा, दोघांना एकच नियम. अन्याय आहे खरा. पण पायथ्याला उभ्या असलेल्या शिपायाने प्रत्येकाची सॅक उघडून भजी आहेत का बघायचे, हेही काही शक्य नव्हते.

असा गोंधळ फक्त आपल्याकडेच झाला का?

अजिबात नाही. इंग्लंडची गोष्ट ऐका. माझी आतेबहीण तिकडे असते, त्यामुळे तिकडचे सगळे आम्हाला रोजच्या रोज कळत होते.

इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून व्यायाम हे घराबाहेर पडण्याचे कायदेशीर कारण होते. २३ मार्च २०२० च्या भाषणात पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले, दिवसातून एकदा. २६ मार्चला कायदेशीर नियम आले, त्यात ना एकदा होते, ना अंतर. वेल्समध्ये ‘दिवसातून एकदा’ नियमातच लिहिले होते, इंग्लंडमध्ये फक्त भाषणात. आणि त्याच सुमारास डर्बीशायर पोलिसांनी पीक डिस्ट्रिक्टमध्ये कर्बर एजच्या डोंगरावर फिरणाऱ्यांवर ड्रोन सोडला आणि हे फिरणे ‘गरजेचे नाही’ म्हणून व्हिडिओ टाकला. बक्स्टनजवळच्या खाणीतल्या निळ्याशार पाण्यात काळा रंग ओतला, लोकांनी येऊ नये म्हणून. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती लॉर्ड सम्प्शन बीबीसीवर कडाडले, की या पोलिसांनी आमच्या पोलिसिंगच्या परंपरेला लाज आणली. एप्रिलमध्ये तिथल्या पोलिसांसाठी खुलासा आला, तोही गमतीचा: गाडीने जाण्यात जितका वेळ गेला त्याहून बराच जास्त वेळ चालण्यात गेला असेल, तर ते वाजवी कारण.

मग जानेवारी २०२१. तिसरा लॉकडाऊन. सरकारी मार्गदर्शनात ‘आपल्या भागातच राहा’, कायद्यात पुन्हा अंतर नाही. दोन मैत्रिणी घरापासून पाचेक मैलांवरच्या एका जलाशयाकाठी वेगवेगळ्या गाड्यांतून चालायला गेल्या. हातात बाहेरून घेतलेली गरम पेये. पोलीस म्हणाले ही पिकनिक झाली, आणि प्रत्येकी २०० पौंडांची नोटीस हातात दिली. चहाच्या कपाने पिकनिक होत असेल तर आपल्या प्रत्येक नाक्यावर रोज पिकनिक होती. बोभाटा झाला, पोलिसांनी दंड मागे घेतला आणि माफीही मागितली. त्याच सुमारास जॉन्सन स्वतः घरापासून सात मैलांवरच्या ऑलिम्पिक पार्कात सायकल चालवताना दिसले. त्यांनी कायदा मोडला नाही, असे लंडनच्या पोलीस आयुक्तांनी सांगितले. खरेच होते, मोडायला अंतराचा कायदाच नव्हता.

आयर्लंडने सरळ आकडा घातला, आधी २ किलोमीटर, पुढे ५. फ्रान्समध्ये १ किलोमीटर आणि एक तास, खिशात स्वतः भरलेला फॉर्म. कडक होते, पण नाक्यावर भूमिती नको.

बड्या लोकांना वेगळा नियम होता का?

एप्रिल २०२० मध्ये, आपण दुधाच्या पिशव्या मिरवत होतो तेव्हा, एका उद्योगपती कुटुंबातले आणि सोबतचे मिळून २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर. इंग्लंडात पंतप्रधानांच्या सल्लागाराने बार्नर्ड कॅसल या गावापर्यंत गाडी नेली आणि गाडी चालवण्याइतके डोळे ठीक आहेत का ते तपासायला गेलो होतो म्हणाला. माझ्याकडे पत्र नव्हते आणि डोळेही ठीक होते.

म्हणजे सगळी चूक पोलिसांचीच?

नाही. मला अडवणारा हवालदार बारा-चौदा तास पावसात उभा होता. तेव्हा मुंबई पोलिसांत ५५ वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना घरी थांबायला सांगितले होते, त्यामुळे बाकीच्यांवर भार वाढलेला. महाराष्ट्रात शेकडो पोलीस कोविडने गेले. त्याला कुणीतरी ‘दोन म्हणजे दोन’ सांगितले होते. मोजायचे कसे ते सांगितले नव्हते. मी चिडलो ते त्याच्यावर, आणि चिडायला हवे होते ते ज्याने ‘परिसर’ हा शब्द लिहून सही केली त्याच्यावर. पण तो नाक्यावर भेटत नाही.

माझ्यावर १८८ चा गुन्हा होता. आता काय? पासपोर्ट अडेल का?

कोविड काळातले १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला. पण निर्णय झाला म्हणजे तुमचा गुन्हा आपोआप पुसला गेला असे नव्हे. न्यायालयात गेलेले प्रकरण न्यायालयाच्या परवानगीनेच मागे घेता येते. तेव्हा ज्या पोलीस ठाण्यात नोंद होती तिथे, किंवा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून, सद्यःस्थिती बघा. दोन मिनिटांचे काम आहे आणि लोक दोन-दोन वर्षे नुसते घाबरून राहतात.

पासपोर्टचे म्हणाल तर नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. न्यायालयाने दखल घेतली असेल तरच तो प्रलंबित धरला जातो, हे परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्येच स्पष्ट केलेले आहे. फॉर्ममध्ये विचारलेली माहिती मात्र लपवू नका. जे १८८ मध्ये सुटले असते ते खोट्या माहितीत अडकतात.

पुन्हा कधी अशी वेळ आली तर काय करावे?

आधारवरचा पत्ता बदलून घ्या, हे पहिले. मी घेतला आहे. दुसरे, मूळ आदेशाची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, बातमीचा स्क्रीनशॉट नव्हे. तिसरे, गाडी किंवा सायकल ठेवून घेतली तर पावती मागा, शांतपणे, पण मागा. जप्तीची नोंद करणे आणि ती दंडाधिकाऱ्यांना कळवणे हे पोलिसांवर बंधनकारक असते. पावती मागितली की निम्म्या वेळा जप्तीच होत नाही. त्रिज्येवर वाद घालू नका.

तुमच्या सायकलचे पुढे काय झाले?

तिसऱ्या दिवशी मिळाली. पावती नव्हती, त्यामुळे देतानाही कुणी काही लिहून घेतले नाही. तेच हवालदार होते. म्हणाले, ‘घेऊन जा साहेब, जागा अडतीय.’ तीन दिवसांच्या पावसाने चेन लालभडक गंजली होती. सीटखालची पंक्चरची डबी मात्र जागेवर होती. मी तिथेच खाली बसून चेनला तेल घालत होतो तेव्हा त्यांनी विचारले, ही केवढ्याला पडली, पोराला घ्यायची म्हणतो.